बंडखोर शहरं किती कणखर हवीत? मेडिव्हल २ च्या मॉडसाठी सविस्तर मार्गदर्शक

मेडिव्हल २: टोटल वॉर या संगणकावरच्या युद्धनीतीच्या खेळासाठी मॉड, म्हणजे खेळात स्वतःचे बदल, करणाऱ्यांचा कामाचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी नकाशा, मग राजसत्ता, मग सैनिकांची मॉडेलं, आणि शेवटी वेळ उरलाच तर बंडखोर. ज्या शहराला मालक नाही तिथे चार-पाच पथकं टाकायची, वर एक कॅप्टन ठेवायचा आणि पुढे जायचं. मी पहिल्या मॉडमध्ये हेच केलं होतं. पंधराव्या टर्नपर्यंत (टर्न म्हणजे खेळातली एक पाळी) नकाशावरची स्वतंत्र शहरं जवळजवळ संपली, मोठ्या सत्ता एकमेकांना भिडल्या, आणि इतक्या कष्टाने रचलेला उत्तरमध्ययुगाचा सगळा भाग कुणी पाहिलाच नाही. तेव्हापासून मी बंडखोरांचं काम नकाशाच्या लगोलग हाती घेतो. मोठ्या सत्तांची गाठ कधी पडणार, कुठे पडणार आणि तोवर कुणाच्या खिशात किती पैसे असणार, हे सगळं ही मधली शहरं ठरवतात.

इथे मेडिव्हल २ आणि त्याचं २००७ चं किंगडम्स विस्तारपॅक धरून लिहिलं आहे. त्याआधीच्या रोम: टोटल वॉर या खेळाची रचनाही बरीचशी अशीच आहे, पण भरतीची पद्धत वेगळी असल्याने आकडे तसेच्या तसे उचलू नका. फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फोल्डरमध्ये ती रोमन अक्षरांत दिसतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

खेळाच्या दृष्टीने यॉर्क, फ्लॉरेन्स, बर्न, व्हॅलेन्सिया ही वेगवेगळी स्वतंत्र राज्यं नाहीत. ती सगळी एकाच फॅक्शनची, म्हणजे खेळातल्या एकाच पक्षाची आहेत, जिचं फाइलींमधलं नाव 'स्लेव्ह'. रस्त्यात उगवणारे लुटारू, समुद्रातले चाचे, बंड करून उठलेलं शहर, सगळे याच नावाखाली मोडतात. त्यांचा खजिना एक आहे. त्यांच्याशी तह होत नाही, व्यापारी करार होत नाही, आणि प्रत्येक सत्तेशी त्यांचं युद्ध पहिल्या टर्नपासून चालूच असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे पैशाने एका शहराचा तोल साधता येत नाही. बर्न बळकट व्हावं म्हणून स्लेव्हच्या खजिन्यात रक्कम ओतली, तर ती कुठे खर्च होईल हे तुमच्या हातात नसतं. बर्नऐवजी नकाशाच्या दुसऱ्या टोकाचं एखादं गाव भाले विकत घेत बसेल. दुसरी म्हणजे बंडखोरांवर हल्ला करणं हे खेळातलं एकमेव निर्दोष युद्ध आहे. पोप रागावत नाही, मित्र तुटत नाहीत, प्रतिष्ठा जात नाही. त्यामुळे खेळाडू आणि एआय (संगणक चालवतो त्या सत्ता) दोघांचाही पहिला मोर्चा तिकडेच वळतो. त्या वाटेवर तुम्ही काय ठेवलंय त्यावर मोहिमेचा वेग ठरतो.

पायरी १: शहरांची तीन ढिगांत वाटणी

कोणतीही फाइल उघडण्याआधी कागदावर सगळ्या स्वतंत्र शहरांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एकच शब्द लिहा: घास, बांध किंवा बक्षीस.

घास म्हणजे एखाद्या सत्तेने सुरुवातीला गिळावं म्हणूनच ठेवलेलं शहर. मूळ खेळातलं यॉर्क हे उत्तम उदाहरण. इतिहास बघितला तर १०८० मध्ये यॉर्क बंडखोरांकडे असण्याचं कारण नाही. १०६९-७० च्या हिवाळ्यात राजा विल्यमने उत्तर इंग्लंड अक्षरशः जाळून काढलं होतं. पण यॉर्क बंडखोरांना दिलं नसतं, तर इंग्लंडच्या एआयला पहिल्या दहा टर्नांत करायला काही उरलं नसतं, आणि एडिनबरावर धाड लवकर आली असती. इतिहासाशी केलेली ही तडजोड मला मान्य आहे. ती कशासाठी केली हे माहीत असावं एवढंच.

बांध म्हणजे दोन मोठ्या सत्तांमधलं अंतर. फ्रान्स आणि पवित्र रोमन साम्राज्य यांच्यामध्ये अँटवर्प, ब्रूज, मेट्झ, डिजाँ अशी रांग आहे. ही रांग पाच टर्नांत पडली तर सहाव्या टर्नला दोघांची सीमा चिकटते, आणि सीमा चिकटली की एआयला भांडायला कारण लागत नाही. रांग तीस टर्न टिकली तर दोघांनाही दुसरीकडे वाढायला वेळ मिळतो.

बक्षीस म्हणजे कष्टाने मिळवायचं, श्रीमंत शहर. फ्लॉरेन्स तसं आहे. व्हॅलेन्सियाही तसंच: तिथे खेळाने एल सिड या स्पॅनिश सरदाराला बसवलंय. प्रत्यक्षात त्याने ते शहर १०९४ मध्ये घेतलं आणि १०९९ मध्ये तो वारला, म्हणजे खेळात तो चौदा वर्षं आधीच येऊन बसलाय. तरी त्या एका माणसामुळे स्पेनची मोहीम लक्षात राहते.

यादी करताना असंही एखादं शहर सापडेल जे तिन्हीपैकी कशातच बसत नाही. सीमेपासून लांब, गरीब, कुणाच्याच वाटेवर नसलेलं. ते जवळच्या सत्तेला देऊन टाका किंवा प्रांतच शेजाऱ्यात विलीन करा. निरुपयोगी बंडखोर शहर ठेवल्याने प्रत्येक टर्नचा वेळ तेवढा वाढतो.

पायरी २: कुणाला स्वतःचं फॅक्शन द्यायचं

मेडिव्हल २ मध्ये बंडखोर धरून एकूण ३१ फॅक्शन बसतात, मूळ रोममध्ये २१. जागा मोजक्या आहेत, आणि प्रत्येक हौशी मॉडरला आपल्या आवडत्या प्रदेशाला स्वतंत्र झेंडा द्यायचा असतो.

माझी कसोटी सरळ आहे. त्या प्रदेशाने इतिहासात तह केले का, आणि स्वतःहून बाहेर पडून जमीन घेतली का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच फॅक्शन. नोव्हगोरोडचं प्रजासत्ताक ११३६ पासून १४७८ पर्यंत टिकलं आणि त्याचा विस्तार प्रचंड होता, त्याला जागा द्यायलाच हवी. डिथमार्शनच्या शेतकऱ्यांनी १५०० मध्ये हेमिंगश्टेटला डेन्मार्कच्या राजाचं सैन्य चिखलात बुडवलं, फार थोर लढाई, पण बाहेर पडून मुलूख जिंकणं हा काही त्यांचा मार्ग नव्हता. ते बंडखोर म्हणूनच शोभतात, फक्त शहर वज्रासारखं करून ठेवा. स्वित्झर्लंड मधल्या सीमेवर येतं. १२९१ चा करार, १३१५ ची मॉर्गार्टनची लढाई, पुढे चांगलाच विस्तार. मोहीम १०८० ला सुरू होत असेल तर सुरुवातीला बर्न बंडखोर ठेवावं आणि जागा उरली तर पुढे स्क्रिप्टने (ठरावीक वेळी घटना घडवणाऱ्या आज्ञांच्या फाइलने) स्वतंत्र सत्ता उभी करावी.

पायरी ३: गॅरिसन (शहरातलं संरक्षक सैन्य), तटबंदी, लोकसंख्या

या तिघांकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. तिन्ही गोष्टी मोहिमेची सुरुवातीची मांडणी ठरवणाऱ्या डेस्कर-स्ट्रॅट या एकाच फाइलमध्ये आहेत. स्लेव्ह फॅक्शनच्या भागात प्रत्येक शहराचा एक कंस असतो: पातळी, प्रांत, लोकसंख्या, कुणी वसवलं, कोणत्या इमारती. त्याखाली सैन्याची ओळ असते. तिथे 'सब-फॅक्शन' लिहून त्या सैन्याचा मूळ वंश सांगता येतो.

अडचण इथे सुरू होते. एआय विरुद्ध बंडखोर ही प्रत्येक लढाई खेळ आपोआप सोडवतो, तर खेळाडू मैदानात उतरून लढतो. दहा पथकांची गॅरिसन एआयला डोंगर वाटते. कसलेला खेळाडू तीच गॅरिसन सहा पथकांत फोडतो. म्हणून नुसती पथकांची संख्या वाढवत नेली की एआय अडतो आणि खेळाडू मोकाट सुटतो, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलट.

संख्या हे मुख्यतः एआयला रोखायचं साधन समजा. शहर टर्न तीसपर्यंत टिकायला हवं असेल तर ती वाढवा, लवकर पडायला हवं असेल तर कमी करा. तटबंदी दोघांनाही सारखीच थांबवते. भिंत नसलेल्या खेड्यावर पोचल्या टर्नलाच धडक मारता येते. लाकडी कुंपण असलं तरी वेढा घालून शिड्या-ओंडके तयार करायला निदान एक टर्न जातो, तोफखाना किंवा दार उघडणारा हेर सोबत नसेल तर. घटक म्हणजे कोणती पथकं हे खेळाडूसाठी. कुंपणाच्या दारात उभे राहणारे धीराचे भालाईत आणि मागे तिरंदाज, एवढ्यानेही खेळाडूला मोजावी लागणारी किंमत दुप्पट होते, आणि स्वयंचलित लढाईत मात्र फारसा फरक पडत नाही.

लोकसंख्येकडे सहसा कुणी बघत नाही. शहर घेतल्यावर लुटायचं ठरवलं तर हाती येणारी रक्कम लोकसंख्येवर ठरते. बांध म्हणून ठेवलेल्या शहरात वीस हजार माणसं भरली, तर त्या बांधाचं बक्षीस होतं आणि खेळाडू पहिल्या दहा टर्नांत तीन शहरं लुटून उरलेली मोहीम विकत घेतो. घास आणि बांध यांची लोकसंख्या त्यांच्या पातळीला परवडेल तितकी कमी ठेवा. पैसा फक्त बक्षिसाच्या शहरात असावा.

सुरुवातीसाठी मी हे आकडे धरतो आणि मग चाचणीत हलवतो. घास: भिंत नाही किंवा लाकडी कुंपण, दोन ते तीन पथकं. बांध: कुंपण नक्की, सहा ते आठ पथकं, त्यात निम्मे भालाईत. बक्षीस: दगडी भिंत, दहा ते चौदा पथकं, आणि नाव असलेला सेनापती. एका सैन्यात २० पथकांची मर्यादा आहे, पण बंडखोरांना वीस कधीच देऊ नका. पूर्ण भरलेल्या शहराकडे एआय फिरकत नाही, तो शेजारच्या सत्तेवर वळतो, आणि बांध घालण्याचा हेतूच बाद होतो.

एक उदाहरण जवळून बघू. मेट्झ. एका बांधणीत मी तिथे बारा पथकं ठेवली होती, कारण कागदावर ती शोभत होती. फ्रान्सने मेट्झला हातच लावला नाही, उलट दक्षिणेला फिरून मिलानशी युद्ध ओढवून घेतलं, आणि मेट्झ शेवटपर्यंत नकाशात करड्या डागासारखं राहिलं. पथकं सातवर आणली, त्यातली दोन अवजड होती ती काढून शहरी भालाईत घातले, कुंपण ठेवलं. आता फ्रान्स आधी सोपे घास घेतो, मग सैन्य जमवून मेट्झला वेढा घालतो, आणि तोवर साम्राज्याचंही सैन्य जवळ आलेलं असतं. कधी फ्रान्स घेतो, कधी साम्राज्य. ही अनिश्चितता दिसली की समजा, बांध बरोबर बसला.

डेस्कर-स्ट्रॅट बदललात की मोहीम नव्याने सुरू करावी लागते, जुन्या सेव्हमध्ये बदल दिसत नाही. प्रांतांच्या फाइलला हात लावला असेल तर बेस फोल्डरमधली मॅप.आरडब्ल्यूएम ही फाइल पुसा. खेळ ती पुन्हा तयार करतो.

पायरी ४: भरती आणि खजिना

ईडीबी म्हणजे इमारतींची फाइल. तिथे प्रत्येक भरतीच्या ओळीत चार आकडे असतात: सुरुवातीचा साठा, दर टर्नची भर, कमाल साठा आणि अनुभव. पुढे कंसात कोणकोणत्या फॅक्शनना ते पथक मिळतं त्यांची नावं. त्यात स्लेव्ह असेल आणि खजिन्यात पैसा असेल, तर बंडखोर शहर स्वतःहून सैनिक भरती करतं.

दर टर्नची भर ०.१ ठेवली तर एक पथक भरून यायला दहा टर्न लागतात. मूळ मोहिमेत एक टर्न दोन वर्षांचा, म्हणजे वीस वर्षं. हा आकडा बंडखोरांना पुरेसा आहे. मॉडर बहुतेकदा राजसत्तांसाठी लिहिलेली ०.५ ची ओळ उचलून त्यात स्लेव्ह जोडतात. मग दोन टर्नांत एक पथक तयार होतं, आणि टर्न वीसपर्यंत सगळीच बंडखोर शहरं भरून वाहतात.

माझं मत असं: स्लेव्हचा खजिना कोरडा ठेवा आणि गॅरिसन सुरुवातीलाच हाताने मांडा. नियंत्रण तुमच्याकडे राहतं. ज्या दोन-तीन शहरांनी जखमा भरून काढाव्यात असं वाटतं, त्यांच्या प्रांताला डेस्कर-रीजन्स या प्रांतांच्या फाइलमध्ये एक 'हिडन रिसोर्स' (खेळाडूला न दिसणारी खूण) द्या आणि स्लेव्हसाठी वेगळी भरतीची ओळ त्याच अटीवर लिहा. मग थोडा पैसा स्क्रिप्टने दिला तरी तो पथकांपुरता तिथेच जातो, बाकी शहरांना भरतीचा पर्यायच नसतो. ब्रूजसारख्या शहराला हे शोभतं. १३०२ मध्ये कॉर्ट्रेला फ्लँडर्सच्या शहरी पायदळाने फ्रेंच सरदारांचं घोडदळ मोडलं. अशा शहराने हरलेली पथकं पुन्हा उभी करावीत यात अर्थ आहे.

पायरी ५: रस्त्यावरचे लुटारू

डेस्कर-स्ट्रॅटच्या सुरुवातीलाच लुटारू आणि चाचे किती वेळा उगवतात याचे दोन आकडे आहेत. आकडा जितका मोठा तितके ते विरळ. नवखे इथे हमखास उलटं करतात आणि 'कमी' करायला गेले की नकाशा लुटारूंनी भरतो.

लुटारू बहुतेक वेळा एका जागी बसून राहतात, पण त्यांच्यामुळे जमिनीची नासधूस होते आणि त्यांना हुसकवायला सैन्य पाठवावं लागतं. लहान सत्तेला हे जड जातं, मोठीला जाणवतही नाही. म्हणून लुटारू वाढवून मोठ्या सत्तेला लगाम घालता येईल असं वाटत असेल तर तो नाद सोडा. मी आकडा थोडा मोठाच ठेवतो.

खरी मेहनत डेस्कर-रेबेल-फॅक्शन्समध्ये आहे. तिथे बंडखोरांचे प्रकार लिहिलेले असतात, प्रत्येकाचा वर्ग (शेतकऱ्यांचं बंड, लुटारू, चाचे) आणि पथकांची यादी. कोणत्या प्रांतात कोणता प्रकार उगवेल हे प्रांतांच्या फाइलमध्ये ठरतं. इथे नकाशाला जीव आणता येतो. वेल्समध्ये लांब धनुष्याचे तिरंदाज, फ्लँडर्समध्ये शहरी पायदळ, पॅरिसच्या आसपास १३५८ च्या जॅकरीची आठवण करून देणारे साधे शेतकरी. पण या यादीला काळाची अट घालता येत नाही. यादीत पंधराव्या शतकाचं पथक असेल तर ते १०९० मध्येही रस्त्यावर उभं राहू शकतं. म्हणून सगळ्या मोहिमेला चालतील अशी मध्यम पथकंच घ्या, आणि प्रांताची ओळख शस्त्राच्या प्रकारातून दाखवा.

पायरी ६: खेळ बिघडण्याची तीन ठरलेली कारणं

बंडखोरांच्या यादीतलं पथकाचं नाव ईडीयू म्हणजे पथकांच्या फाइलमधल्या नावाशी अक्षरनअक्षर जुळायला हवं. त्या पथकाच्या मालकीच्या ओळीत स्लेव्ह हवं. आणि बॅटल-मॉडेल्सच्या फाइलमध्ये त्या मॉडेलला स्लेव्हसाठी टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं रंगचित्र) हवं, नाहीतर सैनिक चांदीच्या पुतळ्यांसारखे चकाकत येतात. पहिल्या दोन चुका जास्त त्रास देतात, कारण खेळ सुरू होतो, तीस टर्न नीट चालतो, आणि त्या प्रांतात बंडखोर उगवायची वेळ आली की कोसळतो. कॉन्फिग फाइलमध्ये लॉगची (खेळ लिहीत जातो त्या नोंदींची) पातळी 'ट्रेस' करून ठेवा. कोसळल्यावर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचल्या तर बहुतेकदा कारण तिथेच सापडतं.

पायरी ७: चाचणी

स्वतः जोमाने खेळून तोल कळत नाही, कारण मग तुम्हीच नकाशा बदलता. कोपऱ्यातली एखादी सत्ता घ्या, कन्सोलमध्ये (खेळातल्या आज्ञांच्या खिडकीत) 'टॉगल एफओडब्ल्यू' लिहून नकाशा झाकणारं धुकं हटवा आणि नुसते टर्न संपवत जा. टर्न १०, २०, ३० आणि ४० ला थांबून तीन गोष्टी लिहा: किती स्वतंत्र शहरं उरली, कोणती पडली, कुणी घेतली. एका मोहिमेवरून काही ठरवू नका. निदान चार मोहिमा चालवा, कारण एआयची पहिली चाल जरा वेगळी पडली की पुढचं सगळं वेगळं होतं.

मी स्वतःसाठी असं माप ठरवलंय: टर्न २० ला सगळे घास संपलेले असावेत, टर्न ४० ला बांधांपैकी साधारण निम्मे उभे असावेत, आणि बक्षिसांपैकी एखादंच पडलेलं असावं. तुमची मोहीम २२५ टर्नांची नसेल तर हे प्रमाण त्यानुसार ताणा किंवा आखडा.

वह्या समोर ठेवून बघा. एखादं शहर चारही मोहिमांत एकाच सत्तेकडे, जवळपास एकाच टर्नला जात असेल, तर ते त्या सत्तेला सुरुवातीलाच दिल्यासारखं आहे. त्याची गॅरिसन वाढवा किंवा शेजारच्या सत्तेचं सैन्य थोडं जवळ मांडा. एखादं शहर चारही वेळा अस्पर्श राहिलं तर दोन पथकं काढा. एका वेळी एकाच भागातली शहरं बदला. फ्लँडर्स आणि इटली एकत्र बदलले, तर फ्रान्स का वळला हे नंतर सांगता येत नाही.

हे झाल्यावर दोनदा स्वतः खेळा: एकदा फक्त स्वयंचलित लढायांवर, एकदा प्रत्येक लढाई हाताने. दोन्हींतला फरक फार असेल तर संख्येला हात लावू नका, गॅरिसनमधले घटक बदला. राजदूताकरवी लाच देऊन बक्षिसाचं शहर स्वस्तात मिळतंय का, हेही याच वेळी तपासून घ्या.

पायरी ८: स्क्रिप्ट, अगदी गरज असेल तरच

कॅम्पेन-स्क्रिप्टमधून वेढा पडल्यावर शहरात जादा पथकं उभी करता येतात, ठरावीक वर्षी बंड घडवता येतं, आणि समोर एआय आहे की खेळाडू हे पाहून वेगळं वागता येतं. तो शेवटचा पर्याय फार उपयोगी आहे, कारण पायरी ३ मधली अडचण त्याने थेट सुटते: खेळाडूने वेढा घातला तरच जादा पथकं. मात्र खेळाडूला पाच पथकं दिसत होती आणि पुढच्या टर्नला अकरा झाली, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. अशी स्क्रिप्ट लिहिलीत तर सोबत संदेशाची खिडकी नक्की दाखवा: नागरिकांनी शस्त्रं उचलली. आणि प्रत्येक शहरावर वेगळा मॉनिटर (सतत अट तपासणारा स्क्रिप्टचा तुकडा) लावू नका. पन्नास मॉनिटर झाले की टर्न संपायला लागणारा वेळ लक्षात येण्याइतका वाढतो. मी ही सोय फक्त बक्षिसांना देतो, एका मोहिमेत चार-पाच शहरांपलीकडे नाही.